अर्लीनच्या सहीचा हुकूम

११ जानेवारी

अर्लीन,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. आत छापलेला मजकूर, खाली छापलेली सही. सख्ख्या बहिणीसाठी पेन उचलायचेही कष्ट तुला झेपले नाहीत. सप्टेंबरात मात्र त्याच हाताने भराभर सह्या होत होत्या! असो. काउंटी मंडळाच्या अध्यक्षबाईंना वेळ नसतो, हे मी समजू शकते. मला आहे. मी विधवा आहे, दुकान चालवते आणि तुझ्याशी बोलत नाही, त्यामुळे माझा बराच वेळ वाचतो.

लिहायचं कारण एवढंच, की दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. आमदार पुलियम यांनी राजधानीत एक विधेयक मांडलंय. वादळ येवो, पूर येवो, आणीबाणी जाहीर होवो, सरकारातल्या कुणालाही बंदुका-काडतुसांची विक्री थांबवता येणार नाही आणि कायद्याने बाळगलेली बंदूक कुणाकडून काढून घेता येणार नाही. फेब्रुवारीत समितीपुढे साक्षी आहेत. मी जाणार आहे आणि तुझं नाव घेणार आहे.

तुला विसर पडला असेल, म्हणून काय सांगणार तेही लिहिते.

वादळ मंगळवारी आलं. माझ्या दुकानात तिसऱ्या फळीपर्यंत पाणी होतं. दोन दिवस मी एकटीने चिखल उपसला आणि गुरुवारी दुकान उघडलं, कारण गावाला दोर हवे होते, खिळे हवे होते. दुपारी तुझा तो डेप्युटी रँडल आला.

"नेल्डाबाई, चिकटपट्टी आहे का?"

"आहे की. कशाला रे?"

"हा कागद लावायचाय. तुमच्या दारावर."

"काय आहे त्यात?"

तो मान खाली घालून म्हणाला, "बंदुका आणि काडतुसं विकायची नाहीत. बाकी विका. दोर, खिळे, ताडपत्री… सगळं विका."

म्हणजे माझ्याच दुकानाला टाळं, तेही माझ्याच चिकटपट्टीने! खाली सही, अर्लीन नेकेज. आडनाव तेवढं आपल्या बापाचं, मीही लग्नानंतर न सोडलेलं. पट्टी लावून झाल्यावर या शूर शिपायाने माझ्या गाडीच्या सीटमागे ठेवलेली होबार्टची बंदूक उचलली. "हुकूम आहे, घराबाहेरची हत्यारं जमा करायची." माझ्या नवऱ्याची बंदूक. तीन महिन्यांनी परत दिलीत तेव्हा नळीला इतका गंज होता, की तिचा आता पाना म्हणूनही उपयोग नाही.

आता लिअँडरचं. खाडीच्या तोंडाशी, पुलापलीकडे, तो आणि त्याची बायको कोरा. तो एकोणऐंशीचा, ती त्याच्याहून थकलेली. तुला हे माहीत आहे, पण अध्यक्षबाईंना माहीत आहे की नाही याची मला शंका आहे. बाबा गेल्यावर ज्याने दोन वर्षं आपल्या घरी बोई मासे आणि कालवं आणून टाकली तो हा लिअँडर मोरान. कालवाच्या शिंपल्यात सुरी कुठून घालायची हे तुला आणि मला शिकवलं तो. तुझ्या अंगठ्यावरचा वण त्याच्या अंगणात झालेला आहे.

त्या आठवड्यात खाडीतून होड्या घेऊन चोर हिंडत होते. जनरेटर उचलायचे, पेट्रोल काढायचे, जायचे. पोलीस एकही नाही, फोन बंद. लिअँडरची दुनळी होती, पण काडतुसं पुराच्या पाण्यात भिजून लगदा झालेली. शुक्रवारी तो दुकानात येऊन ताडपत्री आणि बॅटरीचे सेल घेऊन गेला. रविवारी दुपारी तिघे जण त्याच्या धक्क्याला लागले. लिअँडर रिकामी बंदूक घेऊन पडवीत उभा राहिला. त्यातला एक जण हसला, असं कोरा सांगते. रिकामी बंदूक धरलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो. त्यांनी त्याला वल्ह्याने मारलं, जनरेटर होडीत घातला आणि गेले. सोमवारी मदतीची होडी पोचली तेव्हा कोरा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली होती.

काडतुसं का नव्हती? विकायला बंदी होती. बंदी कुणाची? तुझी.

त्याच्या दफनाला तू काळे कपडे घालून मागे उभी होतीस आणि मी तुला सगळ्यांसमोर "चालती हो" म्हटलं. त्याबद्दल मी अजून माफी मागितलेली नाही. हे पत्रही त्यासाठी नाही.

नेल्डा


३ फेब्रुवारी

अर्लीन,

या वेळी हाताने लिहिलंस. प्रगती आहे.

त्या नर्सची गोष्ट मला ठाऊक आहे. तिच्या खांद्याला गोळी लागली, ती बिचारी लोकांना होडीतून काढायला आली होती, आणि गोळी झाडणारा दारू प्यायलेला कुणी तरी छपरावर बसला होता. शाळेतल्या निवाऱ्यात चारशे माणसं, त्यात पाण्याच्या बाटल्यांवरून दोघांनी पिस्तुलं काढली, तेही ठाऊक आहे. तू साठ तास झोपली नव्हतीस म्हणतेस. मीसुद्धा झोपले नव्हते गं. पण झोप झाली नाही म्हणून मी सगळ्या काउंटीचे हात बांधले नाहीत. छपरावरच्या दारुड्याने तुझा हुकूम वाचून बंदूक आणून दिली का? नाही. आणून दिली कुणी? वर्षानुवर्षं शिस्तीत वागलेल्यांनी. शहाण्या माणसांना निःशस्त्र करणं सोपं असतं, कारण ती दार उघडतात.

पुलियमबद्दल तू लिहिलंयस, की त्याला वादळाशी काही देणंघेणं नाही, त्याला निवडणूक दिसते. अगदी बरोबर. मी त्याला भेटले. पांढरे दात, मऊ हात, आयुष्यात कधी दोराला गाठ मारली नसेल. लिअँडरला तो दोनदा "लिओनार्ड" म्हणाला. त्याची मदतनीस, टाचांचे बूट घालून माझ्या चिखलात उतरलेली पोरगी, मला समजावत होती, "मॅडम, बोलताना रडू आलं तर आवरू नका हं." मी म्हटलं, "मला रडू येत नाही. मला ओकारी येते. तीही आवरू नको का?" तिने ते वहीत लिहून घेतलं.

म्हणजे तुला वाटत असेल की मी त्या माणसाच्या मागे लागलेय, तर तसं नाही. बरोबर गोष्ट जर फालतू माणूस मांडत असेल, तर त्याच्या शेजारी नाक दाबून बसायचं, एवढंच.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, पत्राच्या तळाशी, बारीक अक्षरात. "शुक्रवारी लिअँडर दुकानात आला तेव्हा तुमचं काय बोलणं झालं, ते समितीला सांगणार आहेस का?"

काय बोलणं होणार? पाऊसपाण्याचं. त्याने ताडपत्री घेतली, सेल घेतले. मी लिहिलं होतं ना. तुला हे कुणी विचारायला सांगितलं, तुझ्या वकिलाने? मला असले प्रश्न पाठवत जाऊ नकोस. माझ्या दुकानात कोण काय बोललं हा काउंटीच्या दप्तराचा विषय नाही.

नेल्डा


२० फेब्रुवारी

अर्लीन,

काल समितीच्या खोलीतून तू बाजूच्या दाराने गेलीस, मी पुढच्या. म्हणून हे लिहिते. मी आता जे लिहिणार आहे ते तू काल स्वतःच्या कानांनी ऐकलंस, पण मला ते तुला सांगितल्यासारखं वाटलं नाही. त्या नऊ आमदारांना सांगितल्यासारखं वाटलं, आणि त्यातले दोघे फोनमध्ये बघत होते.

मी ठरवून आले होते की तुझं बोलणं ऐकताना हसायचं. तू उभी राहिलीस, तो राखाडी कोट, खांद्यावर सुरकुती. नर्सचं सांगितलंस, शाळेचं सांगितलंस. "मी घाबरले होते," म्हणालीस. "सही केली. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा करीन की नाही, मला माहीत नाही." असं उत्तर कुणी निवडून आलेलं माणूस देतं का? तुझ्या वकिलाने कपाळाला हात लावला. मला हसू आलं नाही.

मग त्या टकल्या आमदाराने विचारलं, "मोरान तुमच्याकडे मदत मागायला आले होते का?"

"आले होते. शुक्रवारी. निवाऱ्यावर. मी म्हटलं, उद्या डेप्युटी पाठवते. दुसऱ्या दिवशी एकही माणूस मोकळा नव्हता."

"त्यांना काडतुसं कुणी नाकारली?"

मी माझे हात बघत होते. तो तुझ्याकडे आला होता हे मला ठाऊक नव्हतं, अर्लीन. माझ्याकडून तो थेट तुझ्याकडेच आला असणार, दुसरीकडे जायला जागाच नव्हती. म्हणजे त्याने तुला सांगितलं असणार. म्हणजे तुला सगळं माहीत होतं. दफनाच्या वेळी मी "चालती हो" म्हटलं तेव्हाही.

तू म्हणालीस, "माझ्या हुकमाने." आणि बसलीस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

मला तुझी कीव येत होती, राग येत होता, की मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, ते मला नीट सांगता येणार नाही. तू मला वाचवलंस! तू! लहानपणी माझ्यामागे लपून कुत्र्यांना दगड मारणारी! मला कुणाच्या उपकाराची सवय नाही, आणि तुझ्या तर नाहीच नाही. पुलियमच्या पोरीने टाइप करून दिलेला कागद मी उघडला, पहिली ओळ वाचली आणि घडी घालून ठेवला.

मग जे बोलले ते असं. शुक्रवारी लिअँडरने ताडपत्री घेतली, सेल घेतले, आणि म्हणाला, "नेल, बारा नंबरच्या काडतुसांची एक पेटी दे."

मी म्हटलं, "दारावर कागद लागलाय, लिअँडर."

"वाचला. कागदाला बघायला कोण आहे इथे?"

कुणी नव्हतं. रस्त्यावर चिखल आणि एक उलटं पडलेलं कोंबड्यांचं खुराडं. डेप्युटी गावाच्या पार पलीकडे. पेटी माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती, कोरडी, वरच्या फळीवरची. मी म्हटलं, "माझा परवाना जाईल." मग पुन्हा म्हणाला, "नेल, कोरा एकटी असते." दोनदा मागितलं त्याने. तो माणूस आयुष्यात कुणाकडे एकदाही काही मागत नसे. मी म्हटलं, "अर्लीनला विचार. हुकूम तिचा आहे." त्याने टोपी घातली आणि "बरं, नेल" म्हणाला.

पुलियमचे पांढरे दात दिसेनासे झाले. टकल्याला वाटलं, सावज सापडलं. "म्हणजे बाई, चूक हुकमाची नव्हती. तुमची होती."

"दोघींची," मी म्हटलं. "तिने भीतीपोटी सही केली आणि मी भीतीपोटी पाळली. पण तो कागद नसता तर मला लपायला जागा नसती. 'नाही' म्हणायचं तर लिअँडरच्या तोंडाकडे बघून, स्वतःच्या जबाबदारीवर म्हणावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. तुमच्या हुकमांनी दारुडे सुधारत नाहीत. माझ्यासारख्या भित्र्यांना मात्र ते फार सोयीचे असतात. म्हणून हा कायदा करा."

तुला वाटलं असेल मी धीट आहे. मी तिसऱ्या रांगेकडे बघायचं टाळत होते. तिथे कोरा बसली होती.

बाहेर जिन्यापाशी तिने मला गाठलं. मुलीच्या हाताला धरून चालते आता. म्हणाली, "तो घरी आला तेव्हा मी विचारलं, मिळाली का? तर म्हणाला, 'नेलकडचीही पुरात भिजली.'"

मी हातातला तो टाइप केलेला कागद आणखी एकदा दुमडला.

"छप्पन्न वर्षांच्या संसारात माझ्याशी खोटं बोलला तो एवढंच," ती म्हणाली. "तुझ्यासाठी." मग मुलीला म्हणाली, "चल," आणि एकेक पायरी उतरून गेली. मी हात पुढे केला होता. तिने तो घेतला नाही. बरोबर केलं.

तर आता झालं. तुझी दया तुला परत. मला ती ठेवून घ्यायची नाही. पण तू पाच महिने तोंड मिटून राहिलीस, आणि मी मात्र गावभर तुझ्या नावाने बोटं मोडत हिंडले, एवढं लिहिल्याशिवाय पाकीट बंद होईना.

नेल्डा


१८ एप्रिल

अर्लीन,

कायदा झाला. राज्यपालांनी सही केली. पुलियमने मला बोलावलं होतं, त्यांच्या खुर्चीमागे उभं राहून फोटो काढायला. "तुम्ही या विधेयकाचा चेहरा आहात, मिसेस नेकेज!" मी म्हटलं, "माझा चेहरा दुकानात लागतो," आणि फोन ठेवला.

फोटो पेपरात आला. चौदा पुरुष आणि एक झेंडा. चौदांतल्या एकाच्याही घरात त्या सप्टेंबरात पाणी शिरलेलं नव्हतं. पुलियमच्या प्रचारपत्रकात लिअँडर आता "शूर आजोबा" झालाय आणि माझी साक्ष कापून "नेल्डा यांनी हुकूमशाहीचा मुकाबला केला" एवढीच ठेवलीय. तुला त्यात "जुलमी" म्हटलंय.

मी पुलियमच्या कचेरीत पत्र टाकलं, की माझ्या बहिणीला जुलमी म्हणण्याआधी तिला एकदा हॉटेलात जेवण मागवताना बघा. तीनदा बदलते, आणि मग दुसऱ्याच्या ताटात आलेलं तिला हवं असतं. असल्या माणसाच्या हातून जुलूम व्हायचा नाही. तिच्या हातून घाबरून सही होते, आणि ती पुरेशी वाईट असते. त्यांनी उत्तर पाठवलं नाही.

कायदा चांगला आहे. तुझं मत वेगळं आहे हे तुझ्या कार्डावरून कळलं. (पुन्हा हाताने लिहिलेलं. सवय लागतेय.) तू म्हणतेस, "पुढच्या वादळात माझ्या हातात काहीच उरलं नाही." हो. तुझ्या हातात उरू नये म्हणूनच केलाय. ते आता माझ्यासारख्या दुकानदाराच्या हातात आहे म्हणतेस, त्याचा मात्र मी विचार केला नव्हता, आणि करायचाही नाही.

नेल्डा


३० ऑगस्ट, सकाळ

अर्लीन,

या वादळातही फोन बंद आहेत, म्हणून हे रँडलच्या होडीतून पाठवतेय. त्याला तोंडी सांगितलंय, पण त्याच्या डोक्यात एका वेळी दोन वाक्यं मावत नाहीत. नीट वाच.

या वेळी पाणी कमी आहे. पहिल्या फळीपर्यंत. काल दुकान उघडलं आणि कायद्याप्रमाणे सगळं विकलं. पुलापलीकडच्या सहा घरांनी काडतुसं नेली. म्हाताऱ्या बायकांनीसुद्धा. कुणालाही "कशाला" विचारलं नाही, कारण कशाला ते मला ठाऊक होतं.

आज दार उघडतानाच कोल ब्रॅनम आला. तो छपराची कामं करणारा. परवा, वादळ यायच्या आधी, त्याची बायको टेसा माझ्याकडून मेणबत्त्या घेऊन गेली, तेव्हा तिचा एक डोळा सुजून मिटलेला होता. म्हणाली, पोरांना घेऊन शाळेतल्या निवाऱ्यात जातेय, वादळ संपलं तरी परतणार नाही. तिथे ती तुझ्याकडेच आहे.

कोलने पिस्तुलाची काडतुसं मागितली. दारू प्यायलेला नव्हता. प्यायलेला असता तर बरं झालं असतं. अगदी शांत.

या वेळी मी विचारलं, "कशाला रे?"

"बायकोला घरी आणायचंय."

"त्याला काडतुसं कशाला लागतात?"

हसला. म्हणाला, "नेल्डाबाई, तुम्हीच ना तो कायदा केलात? आता विक्री कुणाला थांबवता येत नाही."

"सरकारला थांबवता येत नाही," मी म्हटलं. "मी सरकार नाही. मी नेल्डा नेकेज आहे आणि मी तुला देत नाही."

"कुठल्या नियमाने?"

"कुठल्याच नाही. मला तुझं तोंड आवडलं नाही."

त्याने कपाटाच्या काचेवर तळहात ठेवला, असा, पूर्ण पसरून, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पेटी पुन्हा कोपरापासून वीतभर अंतरावर होती. दारावर कागद नव्हता. अर्लीनला विचार म्हणायची सोय नव्हती. फार वाईट वाटतं असं उभं राहायला. मी तुला हे सांगतेय, कारण तू साठ तास तशीच उभी होतीस आणि मी तुला झोपेवरून टोमणा मारला होता.

शेवटी त्याने बादल्यांची चळत लाथेने पाडली आणि म्हणाला, "दुसरीकडे मिळतील." मिळतीलही. त्याच्या पिस्तुलात आधीच्या गोळ्या किती आहेत, मला माहीत नाही. हिरवी गाडी आहे, पुढचा दिवा फुटलेला. वरच्या रस्त्याने शाळेकडे वळलेली मी स्वतः पाहिली. त्या रस्त्यावर झाडं पडलीत, वेळ लागेल. होडी त्याच्याआधी पोचेल.

टेसा आणि पोरांना पुढच्या हॉलमधून काढून मागे स्वयंपाकघरात ने. दोन्ही दारांवर डेप्युटी उभे कर. आज माणूस मोकळा नाही म्हणू नकोस, मोकळा कर. बाकीच्यांच्या बंदुका जमा करायच्या भानगडीत पडू नकोस, आता तो गुन्हा आहे आणि मी स्वतः तक्रार करीन. हा एकच माणूस अडव.

याला दिलजमाई समजू नकोस. तुझा तो हुकूम मूर्खपणाचा होता, असं मी मरेपर्यंत म्हणत राहीन.

रँडल इंजिन चालू करून बसलाय. आणखी एकच. दारात तू स्वतः उभी राहू नकोस. तुझी अक्कल मला माहीत आहे, तू उभी राहशील.

नेल्डा